चुंबळ

फोटो आबांनी दोन्ही हातांत धरला. मोबाइलच्या पडद्यावर त्यांना नीट दिसत नाही, म्हणून मी मुद्दाम मोठा छापून आणला होता. पिवळ्या अक्षरांची लाकडी पाटी, मागे निळाभोर आकाश, पाटीखाली सुजलेल्या डोळ्यांची मी. किलिमांजारोचं उहुरू शिखर, 5895 मीटर, आफ्रिकेतली सगळ्यांत उंच जागा. आबांनी चष्मा वर-खाली करून बराच वेळ फोटो पाहिला. पाटीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मला वाटलं, आता थंडीबद्दल विचारतील, नाहीतर खर्चाबद्दल. त्यांनी विचारलं, "आन तुजं सामान कुनी उचललं?"

"पोर्टर असतात ना आबा तिथे."

"हं," म्हणाले. फोटो टीपॉयवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. तेवढ्यात आई पोहे घेऊन आली, बोलणं दुसरीकडे गेलं. मी फोटो पाकिटात घातला आणि घरी आले.

तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

आबा म्हणजे माझे आजोबा. जावळी खोऱ्यातलं गाव सोडून सतराव्या वर्षी मुंबईला आले आणि मस्जिद बंदरच्या दाणाबंदरात पोती उचलायला लागले. चाळीस वर्षं उचलली. शंभर किलोचं पोतं, खाली पिळलेल्या फडक्याची चुंबळ, मुठीत लोखंडी हूक, आणि अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. बाजार वाशीला गेला तसे तेही इकडे आले, कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत घर झालं. माझं लहानपण त्या घरातलं. संध्याकाळी ते आले की घरभर मिरची-धण्याचा वास सुटायचा, आम्ही पोरं शिंकायचो. आजी त्यांच्या मानेला तेल चोळायची. डोक्याच्या मधोमध रुपयाएवढ्या जागेवर केस नव्हते, तिथली कातडी टाचेसारखी जाड झाली होती. मी लाडानं तिथे बोट लावायचे. ते कशानं झालं हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. घरातलं दार, घरातला माठ, तशी घरातली ती एक खूण.

अशा माणसाची नात मी, आणि टांझानियातल्या मोशीच्या हॉटेलात निघण्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या तोंडून वाक्य आलं होतं, "दीड किलोनं असं काय होतंय?"

झालं असं की, पोर्टरकडे द्यायची डफल बॅग 15 किलोच्या वर चालणार नव्हती आणि माझी साडेसोळा भरली. गाइडनं बॅग हुकाला टांगून आकडा मला दाखवला आणि शांतपणे थांबला. मी कुरकुरत एक जाडा स्वेटर, एक पुस्तक आणि चिक्कीची पाकिटं बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी माचामे गेटवर मोठा काटा पाहिला. किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानात एका पोर्टरला 20 किलोपेक्षा जास्त ओझं नेता येत नाही, त्यातच त्याचे स्वतःचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण. म्हणून गेटवर एकेक नग टांगला जातो, आकडा वाचला जातो, मग तो माणूस पुढे. आम्ही आठजण होतो आणि आमच्यासाठी एकोणतीस जण रांगेत उभे होते. तंबू, गॅसची टाकी, अंड्यांचे ट्रे, बटाटे, प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबल, आणि आमच्यासाठी एक फिरतं शौचालय. ते उचलून नेणारा पोरगा विशीतला असेल. तो रांगेत सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. आम्हा आठजणांपैकी कुणाचीच त्याच्या नजरेला नजर देण्याची तयारी नव्हती, माझीही नव्हती.

आपलं कळसूबाई जिथे संपतं, साधारण त्या उंचीवर हा डोंगर चढायला सुरुवात होते. पहिला दिवस पूर्ण जंगलाचा. फेब्रुवारी म्हणजे तिथला कोरडा महिना, तरी पावसाची सर येऊन गेलीच. झाडांच्या फांद्यांवरून शेवाळाच्या आणि दगडफुलाच्या दाढ्या लोंबत होत्या, त्यांतून पाणी ठिबकत होतं. वाटेच्या कडेला लालपिवळं, सोंडेसारखं वळलेलं एक चिमुकलं फूल दिसलं. जगात फक्त या डोंगरावर उगवणारं फूल, पण गोत्र तेरड्याचं. श्रावणात सह्याद्रीच्या पठारांवर पसरतो त्या तेरड्याचं. मी वाकून पाहत होते तेवढ्यात मागून आवाज आला, "दादा, पोले पोले." मी दचकून बाजूला झाले. माझ्याशेजारून एक पोर्टर गेला, मागोमाग दुसरा, मग सहा-सात. बॅगा डोक्यावर नाहीतर मानेवर, हात मोकळे, चिखलात पाय टाकायची जागा त्यांना न बघताच ठाऊक. आम्ही तंबूशी पोचेपर्यंत तंबू उभे असायला हवेत, पाणी उकळलेलं असायला हवं, म्हणून आमच्यानंतर निघून आमच्याआधी पोचायचं. आम्हाला सावकाश चाला म्हणणारी ही माणसं स्वतः जवळजवळ पळत होती.

स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण. हे गाइडनं सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा या सहलीत मनापासून हसले. मग आमचा खेळच सुरू झाला. चहाला चाय, पोळीला चपाती, साबणाला सबुनी, साखरेला सुकारी, गाडीला गारी, रंगाला रांगी, हिशोबाला हेसाबू. अरब, पर्शियन आणि कच्छ-कोकणाकडच्या गलबतांनी शतकानुशतकं या किनाऱ्यावर मालाबरोबर शब्दही उतरवले आहेत. त्या गोण्या उतरवून घेणारं कुणीतरी असणारच, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. बर्फाला बाराफू म्हणतात, हवेला हेवा. 'हेवा कमी आहे, म्हणून पोले पोले', असं गाइड म्हणाला की मला आपला मराठी हेवा आठवायचा आणि मी पुढे पळणाऱ्या पोर्टरांकडे पाहायचे. हेवा वाटायचाच. त्यांच्या मानेचा ताठपणा बघून, त्यांच्या श्वासाची लय बघून. हेवा वाटण्याचं ते भलतंच निमित्त होतं हे मला आज कळतंय.

दुसऱ्या दिवशी जंगल संपलं, शिरा पठार लागलं. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवर, 4600 मीटर. तिथवर चढवून पुन्हा सहाशे-सातशे मीटर खाली बारांकोच्या दरीत झोपायला नेतात, म्हणजे शरीराला विरळ हवेची ओळख होते. माझ्या शरीरानं ही ओळख फार वाईट पद्धतीनं करून घेतली. कपाळाच्या आत कुणीतरी मुसळानं कांडत होतं. सूप दोन चमचे गेलं आणि परत आलं. उतरताना धुक्यात राक्षसी सेनेसियोची झाडं उभी होती. खोडावर वाळक्या पानांचा कोट, वर हिरवा शेंडा, एखाद्या गावच्या वेशीवर घोंगड्या पांघरून म्हातारे उभे राहावेत तशी. एरवी मी तिथे तासभर बसले असते. त्या दिवशी मला फक्त तंबू हवा होता, आणि तो होता. आत माझी डफल बॅग होती, तिच्या कडीला आईनं ओळखीसाठी बांधलेली लाल फीत पावसानं भिजून काळपट झाली होती. तीन दिवस ती बॅग माझ्याआधी मुक्कामाला पोचत होती. कुणाच्या डोक्यावरून, ते मी पाहिलं नव्हतं.

ते चौथ्या दिवशी दिसलं.

बारांकोची भिंत ही अडीचशे मीटरचा उभा कडा. दोर लागत नाही, पण हात लागतात. आपल्याकडे अलंग-मदन केलेल्याला त्यात फार काही वाटू नये, पण चार हजार मीटरवर, तीन दिवस धड न जेवलेल्या अंगानं ते वेगळंच प्रकरण होतं. वाट एका माणसापुरती. पोर्टर आले की आम्ही दगडाला चिकटून त्यांना पुढे सोडायचो. एका पायरीशी माझा गुडघा वर जाईना. वरच्या कठड्यावर एक पोर्टर थांबला, वळला, एक हात डोक्यावरच्या ओझ्याला लावून दुसरा त्यानं माझ्यापुढे धरला. मी तो धरला आणि वर आले. वर येता येता माझ्या डोळ्यांसमोर लाल फीत हलली. त्याच्या डोक्यावर माझी बॅग होती.

पन्नाशीचा माणूस असेल. कानशिलांवर पांढरे केस, पायात दोन वेगवेगळ्या रंगांच्या नाड्यांचे बूट. पुढच्या सपाट खडकावर त्यानं बॅग उतरवली, श्वास घेतला, आणि डोक्यावरून पिळलेल्या टॉवेलचं कडं काढून झटकलं. चुंबळ! तोच पीळ, तशीच शेवटची आत खोचलेली शेव. माझ्या तोंडून शब्द मोठ्यानं निघाला. त्याला वाटलं मी काहीतरी मागतेय, त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. मी गडबडून इंग्रजीत सॉरी म्हटलं, थँक्यू म्हटलं, पुन्हा सॉरी म्हटलं. तो हसला, चुंबळ परत डोक्यावर बसवली, ओझं चढवलं आणि गेला.

मागून आलेल्या गाइडनं मला त्या खडकावर एक गोष्ट शिकवली. चार दिवस मी जो 'पोले पोले' ऐकत होते त्याचा अर्थ सावकाश. पण एकटा 'पोले' हा निराळा शब्द आहे. कुणी ठेचकाळलं, कुणाचं माणूस गेलं, कुणी लांबून प्रवास करून आलं, तर म्हणायचं पोले. तुमच्या त्रासात मी आहे, असं काहीसं. आणि कुणी कष्टाचं काम करताना दिसलं तर म्हणायचं, 'पोले ना काझी'. काझी म्हणजे काम. यात माफी मागायची नसते, कारण चूक कुणाचीच नसते. गाइड म्हणाला, "तुला त्याला सॉरी म्हणायचं नव्हतं, पोले म्हणायचं होतं." मी मराठीत त्यासाठी शब्द शोधायला लागले. शेतात राबणाऱ्याला जाता जाता आपण 'काय पाव्हणं, चाललंय का काम' म्हणतो. 'दमलात हो' म्हणतो घरातल्या माणसाला. पण ओझं घेऊन जाणाऱ्या अनोळखी माणसाला? त्याच्यासाठी माझ्या कानात एकच आवाज होता, बाजारातला, आणि तोही त्याचाच: "बाजू, बाजू, ए बाजू!" आपण सरकायचं, तो जायचा.

करांगाच्या मुक्कामाखाली ओढा आहे. त्यानंतर वर पाणी नाही. बाराफूच्या तळावर, 4670 मीटरवर, जे पाणी असतं ते सगळं करांगाहून माणसांच्या डोक्यावरून आलेलं. हे मला पाचव्या दिवशी दुपारी कळलं, गरम पाण्याचं पातेलं माझ्या तंबूसमोर ठेवून पोरगा गेल्यानंतर. रोज संध्याकाळी तसं पातेलं यायचं, आम्ही तोंड-हात धुवायचो, उरलेलं पाणी खडकावर ओतून द्यायचो. एक लिटर म्हणजे एक किलो, हा हिशोब शाळेतला. त्या पातेल्यात तीन किलो तरी असतील. मी कडेला बसून त्यात फक्त रुमाल बुडवला, तोंड पुसलं, आणि उरलेल्याचं काय करायचं ते सुचेना. परत दिलं असतं तर स्वयंपाक्याला ते वापरता आलं नसतं, ओतून द्यायला हात होईना. अंधार पडेपर्यंत पातेलं तसंच होतं, वर बर्फाची पापडी धरली.

शिखराच्या रात्रीबद्दल मी सगळ्यांना रंगवून सांगितलं आहे. मध्यरात्री निघालो, डोक्यावरच्या दिव्यांची माळ वर वर सरकत होती, बाटलीतलं पाणी गोठलं, हाताची बोटं माझी नव्हतीच. उजवीकडे मावेन्झीच्या सुळक्यामागून तांबडं फुटलं आणि मी स्टेला पॉइंटवर पोचून रडले. तिथून शिखरापर्यंत विवराच्या कडेनं तासभर चालायचं. डावीकडे हिमनद्यांचे उरलेसुरले कडे, निळसर, शहाळं कोयत्यानं तासावं तसे सरळ कापलेले. 1912 साली इथे जेवढा बर्फ होता त्यातला 85 टक्क्यांहून जास्त नाहीसा झालाय, आणि ते समोर दिसतंच. 1889 साली हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर पहिल्यांदा इथे आले तेव्हा बर्फात एकेक पायरी खोदावी लागली होती. आम्ही मुरमाड राखेवरून चालत गेलो. पुढे बरीच वर्षं या टोकाला जर्मन कैसरचं नाव होतं. डिसेंबर 1961 मध्ये टांगानिका स्वतंत्र झाला, अलेक्झांडर न्यिरेंडा या अधिकाऱ्यानं इथे मशाल पेटवली, आणि टोकाचं नाव झालं उहुरू. स्वातंत्र्य.

हे सगळं मी सांगितलं आहे. एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. स्टेला पॉइंटच्या खाली, पहाटे चारच्या सुमारास, मी उभी राहू शकत नव्हते. मदतनीस गाइडनं काही न विचारता माझ्या पाठीवरची छोटी सॅक काढली आणि स्वतःच्या छातीवर अडकवली. त्याच्या पाठीवर त्याची, छातीवर माझी. मी नको म्हटलं नाही. शिखराच्या फोटोत पाठीवर सॅक दिसते ती फोटोपुरती परत मागून घेतलेली आहे. आबांनी त्या सॅकच्या पट्ट्यावर बोट ठेवलं नव्हतं, पाटीवर ठेवलं होतं. तरी त्यांचा प्रश्न मला तिथेच लागला.

उतरताना गुडघ्यांचे हाल झाले, ते सोडून देते. म्वेकाच्या तळावर शेवटच्या सकाळी एकोणतीसजण अर्धगोलात उभे राहून गायले, नाचले, आम्हीही नाचलो. नंतर बक्षिसी दिली, यादी वाचून, कुणाला किती ते सगळ्यांसमोर. ओळीत तो चुंबळवाला होता. मी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "पोले ना काझी." सात दिवसांनी, काम संपल्यावर. तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, "असांते, दादा." आभारी आहे, ताई. शेजारचे पोर्टर हसले, मीही हसले. माझ्या हातात त्याची बोटं होती. खरखरीत, गरम, तळव्याला घट्टे. आबांचा हात मी लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे, तसा.

परवा पुन्हा आबांकडे गेले. दुपारची वेळ, आई झोपली होती. खाटेवर त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, दीड किलोपासून छातीवरच्या सॅकपर्यंत. ते मधून मधून प्रश्न विचारत होते आणि सगळे प्रश्न कामाचे. काटा कोण बघतं, सरकार का मालक? (सरकार.) रोज मोजतात का पहिल्याच दिवशी? टोळीला मुकादम असतो का? पैसे हातात देतात का मुकादमाकडे? 20 किलो हा आकडा ऐकून त्यांनी मान हलवली. "वजन लई न्हाई," म्हणाले, "पर चढ हाय. हवा न्हाई म्हनतीस." मग आपोआप स्वतःचं निघालं. पूर्वी वाराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे व्यापारी देईल तेवढे आणि देईल तेव्हा, अण्णासाहेब पाटलांनी माणसं एकत्र केली, 1969 ला माथाडी कायदा झाला, माथाडी बोर्डात नाव लागलं. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. या वेळी मी त्यांच्या मानेकडे बघत होते. ती आता डावीकडे वळत नाही.

"चुंबळ कशाची व्हती त्याची?" त्यांनी मधेच विचारलं.

"टॉवेलची."

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला. मांडीवर लांब करून पिळायला लागले. बोटं थरथरतात आता, पीळ दोनदा सुटला. तिसऱ्यांदा बसला. शेव आत खोचली, कडं हातावर ठेवून माझ्यापुढे धरलं. "अशी?"

"अशीच."

"मग काय म्हनलीस त्याला?"

मी सांगितलं. अर्थही सांगितला. आबांनी शब्द एकदा ओठांतल्या ओठांत हलवून बघितला, पोले, पोले ना काझी. "दानाबंदरात आमीच वरडायचो, बाजू बाजू," म्हणाले. "लोक सरकायचे. कुनी काय म्हनत न्हवतं."

मग त्यांनी चुंबळीची शेव ओढली, पंचा झटकला, आणि परत खांद्यावर टाकला.